गप्प झालेले ब्रेक

शनिवारी सकाळी इसिकेलीने आमच्या बेटावरच्या सावुसावू गावात, बाजारापुढे गाडी थांबवली आणि अख्ख्या बाजाराने माना वळवल्या. पत्र्यावर कुणी खिळा ओढावा आणि ओढणाऱ्याला त्यात मजाही यावी, तसा आवाज. मी वांगी निवडत होते. हातातलं वांगं मी पुन्हा ढिगात ठेवलं, कारण तो आवाज माझा होता. म्हणजे गाडी इसिकेलीची, पण तिचे पुढचे ब्रेक आदल्या दिवशी मी बसवले होते.

अळूचे गड्डे विकणारी तोरिका बसल्या जागेवरून म्हणाली, "काय रे इसिकेली, गाडीखाली डुक्कर बांधलंयस की काय? कुणाचं लग्न काढलंस?"

बाजार हसला. इसिकेलीही हसला, पण मान खाली घालून. मग तोरिका शेजारणीकडे वळली आणि आपण फार हळू बोलतोय अशा समजुतीने म्हणाली, "भौजीच्या हातचे ब्रेक आहेत. बाईमाणसाने बसवले म्हणजे बोलणारच की."

भौजी म्हणजे मी, गावात सगळे मला तसंच म्हणतात. मी वांगी न घेताच घरी आले.

घर आणि गॅरेज एकच. गावाबाहेर, लंबासाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. वर पाटी आहे: बिसेसर मोटर रिपेअर्स. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं असं माझी सासू सांगायची, पण ते पाटीवरच लिहिलेलं असल्यामुळे मी ते रोज वाचते. दोन वर्षांपूर्वी बिसेसरला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं तर जवळजवळ सगळंच गेलं. कान मात्र राहिले. तो दारात खुर्चीवर बसतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं दुखणं ऐकतो. डाव्या हाताची बोटं वर करतो: एक बोट म्हणजे एकच चाक, दोन बोटं म्हणजे पुढची दोन्ही चाकं. पंजा आडवा धरला तर भिण्यासारखं काही नाही. मूठ आवळली तर गाडी जागेवरून हलवायची नाही.

बावीस वर्षं मी त्याच्या हातात पाने दिले. पाने देता देता कुठला पाना का मागितला ते कळत गेलं. उरलेलं मी एका जपानी पुस्तकातल्या चित्रांवरून शिकले. त्यातलं अक्षरही मला वाचता येत नाही, पण बाण कुठे जातो ते दिसतं. झटक्यानंतर लोक माझ्याकडे पंक्चर घेऊन येत, तेल बदलायला येत, बॅटरी दाखवत. ब्रेक मात्र कुणी आणत नसे. ब्रेकसाठी सगळे डोंगरापलीकडे, लंबासाला जात. मला राग येत नसे. पंक्चर फसलं तर माणूस रस्त्यात उभा राहतो. ब्रेक फसले तर उभं राहायचंच राहून जातं.

ब्रेक घेऊन येणारा इसिकेली पहिला. त्याची गाडी म्हणजे मागे दोन बाकं आणि वर ताडपत्री घातलेला छोटा ट्रक, इथे सगळे त्याला कॅरियर म्हणतात. रविवार सोडून रोज सकाळी दहा-बारा माणसं, त्यांच्या गोण्या आणि एखादी कोंबडी घेऊन तो डोंगर ओलांडून लंबासाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. शुक्रवारी त्याने गाडी माझ्या दारात उभी केली आणि सांगितलं, पुढचे पॅड संपलेत भौजी, तुम्हीच बदला. लंबासात रोज जाणारा माणूस, तिथे सहज बदलून घेतले असते. त्याने ते माझ्याकडे का आणले ते मी विचारलं नाही. असं विचारायचं नसतं.

नवे पॅड बसवून झाल्यावर मी त्याला बजावलं होतं, की दोन दिवस ब्रेक मऊ लागतील. नवा पॅड चकतीवर घासून नीट बसेपर्यंत पकड पुरती येत नाही. तोवर हळू चालव, लांबून दाबायला लाग, पाय आपटू नकोस. त्याने ते चर्चमधल्या प्रवचनासारखं ऐकून घेतलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो परत येताना मी त्याला रस्त्यातच अडवलं आणि गाडीत चढले. ये-जा पाच वेळा करायला लावली. ब्रेक न दाबता गाडी नुसती सोडली तर आवाज नव्हता. जोरात असताना दाबला तरी नव्हता. वेग उतरत आला, चालत्या माणसाइतका झाला, की शेवटच्या दहा पावलांत ती किंकाळी. आवाज बारीक होता, त्यात खरखर नव्हती. म्हणजे लोखंडाला लोखंड लागत नव्हतं. गाडी एका बाजूला ओढत नव्हती. उतरून दोन्ही चाकांजवळ हात धरला, दोन्ही सारखीच कोमट. गाडी जिथे थांबवायची तिथे थांबत होती. दारातून बिसेसरने दोन बोटं दाखवली आणि मग पंजा आडवा धरला.

पुढची दोन्ही चाकं, भिण्यासारखं नाही. माझंही तेच मत होतं. पण आवाज होता, आणि तो गावभर ऐकू जात होता.

इसिकेली म्हणाला, काही नाही भौजी, फार छान ब्रेक आहेत. मी म्हटलं, सोमवारी माणसं भरायच्या आधी, सहाला ये, मी खोलून बघते. तो म्हणाला, येतो. इथे कुणी "नाही" म्हणत नाही. न येणारा माणूसही येतो असंच म्हणतो, तोंडावर नाही म्हणून दुसऱ्याचं मन कशाला मोडायचं. मी इथेच जन्मले, तरी अजून फसते.

रविवार मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. पोळ्या लाटताना मनातल्या मनात चाक खोलत होते. मागचा बोल्ट आवळला होता का? आवळला होता. नक्की? पाना हातात घेतल्याचं आठवत होतं. पण पाना मी इतकी वर्षं हातात घेतेय, त्यातली शुक्रवारची आठवण कुठली हे कसं सांगायचं? दुपारी उठून मी गॅरेज उघडलं आणि शुक्रवारचा ट्रे उपसला. तळाशी वर्तमानपत्राचा कागद होता, ग्रीसने काळा झालेला. तो ओढला तर जड लागला. कागदाला खालून चार पातळ पत्रे चिकटून आले होते, नखाइतक्या जाडीचे.

मी तिथेच खाली बसले आणि हसले. हे पत्रे पॅडच्या पाठीला बसतात. जुन्या पॅडवरून काढून, पुसून, नव्या पॅडला लावायचे असतात. ते नसले तर पॅड आपल्या जागेत थरथरतो आणि थरथरला की ओरडतो. ब्रेक लागायचे तसेच लागतात, फक्त गप्प बसत नाहीत. चूक माझीच होती, अगदी नवशिक्याची. पण माणसं मारणारी नव्हती. मी पत्रे रॉकेलने धुतले, फडक्यात गुंडाळले आणि एप्रनच्या खिशात ठेवले. त्या रात्री झोप लागली.

सोमवारी सहाला मी जॅक काढून तयार होते. इसिकेली आला नाही. सव्वासहा झाले. साडेसहाला गावाच्या बाजूने त्याची गाडी दिसली, गच्च भरलेली. मागे तोरिका, तिच्या गोण्या, शाळेतली एक मास्तरीण, लंबासाच्या दवाखान्यात निघालेला म्हातारा आणि त्याची मुलगी, अशी सगळी मिळून अकरा माणसं. आमच्या दारापुढे रस्त्यावर उंचवटा आहे, तिथे सगळ्यांना वेग कमी करावा लागतो. चालत्या माणसाइतका. मी कान देऊन उभी राहिले.

काहीच नाही. गाडी लोण्यातून आल्यासारखी उंचवट्यावर आली, जरा जोरातच, पलीकडे उतरली आणि पुढे गेली. इसिकेलीने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. चेहऱ्यावर मोठं हसू, जणू म्हणत होता, बघा.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. बसले वाटतं पॅड. तोरिकाचं तोंड बंद झालं. आणि हा विचार करत असताना माझा हात एप्रनच्या खिशात गेला.

चारही पत्रे खिशात होते.

ज्यामुळे आवाज बंद व्हायचा ती वस्तू माझ्या हातात होती आणि आवाज बंद झाला होता. मग तो बंद कुणी केला? कशाने? गाडी उंचवट्यावर जोरात का आली? पुढचं चाक माझ्या समोरून गेलं तेव्हा त्याच्या पोटात लाल माती चिकटलेली दिसली होती, सुकी धूळ नव्हे, चकाकणारा ओला थर. गेला आठवडाभर पाऊस नव्हता. मी वळून बिसेसरकडे पाहिलं. त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता आणि मूठ आवळलेली होती, इतकी की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी फोन लावला. इसिकेली गाडी चालवताना फोन उचलत नाही, त्याच्या आईला शब्द दिलाय त्याने. आणि पहिल्या चढानंतर तर फोन लागतच नाही.

हत्यारांची पेटी, जॅक, साबणाची बाटली, चहासाठी भरलेला गरम पाण्याचा थर्मास, हे मी बिसेसरच्या जुन्या पिकअपमध्ये फेकलं. निघता निघता भंगाराच्या डब्यातून इसिकेलीचे जुने पॅडही उचलले. मला जे वाटत होतं ते खरं असेल तर नवे पॅड गेलेलेच होते. बिसेसरला एकट्याला ठेवून मी कधी जात नाही. त्याने मुठीनेच खुर्चीवर दोनदा ठोकलं. जा.

नाक्यावर इसिकेलीची आई खोबरेल तेल विकायला बसते. सगळे तिला बूबू म्हणतात, आजी. तेल ती स्वतः काढते आणि ते इथे सगळ्याला चालतं. केसांना, तान्ह्या बाळाला, सुजलेल्या पायाला, करकरणाऱ्या दाराला. मी पिकअप तिच्यापाशी थांबवली आणि न उतरताच विचारलं, "बूबू, इसिकेलीने तेल नेलं का?"

"नेलं की. काल चर्चमधून आल्यावर. दोन बाटल्या."

"कशाला?"

बूबू हसली. तिला पुढे दोनच दात आहेत. "मीपण विचारलं. म्हणाला, गाडीचे गुडघे दुखतात."

मी गिअर टाकला. तिला काय सांगणार होते? पुढे गेल्यावर खिडकीतून तिचा आवाज आला, की चहा तरी घेऊन जा पोरी.

डोंगर चढायला ब्रेक लागत नाहीत. या एका गोष्टीवर माझं सगळं होतं. माथ्यापर्यंत चढच आहे, भरलेल्या गाडीला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, आणि चढावर पाय काढला तरी गाडी आपोआप मंदावते. तोवर इसिकेलीला काही कळणार नव्हतं आणि काही होणारही नव्हतं. माथ्यावर जेमतेम दोनशे पावलं सपाटी, की पलीकडे उतार. वळणामागे वळण, एका हाताला दरी. तो उतार सुरू व्हायच्या आत मला त्याच्यापुढे जायचं होतं.

पिकअपचं वय माझ्या मुलीएवढं आहे, जी ऑकलंडला दोन मुलांची आई आहे. दुसऱ्या गिअरमध्ये राहत नाही, उडी मारून बाहेर येते. त्यामुळे डाव्या हाताने गिअर दाबून धरायचा आणि उजव्या हाताने चाक वळवायचं. घाम पुसायला हात उरत नाही. धुकं खाली आलं होतं. वळणं घेताना मी स्वतःशी हिशेब मांडत होते, की तेल लागलेला पॅड किती धरेल. अजिबात धरणार नाही असं नाही. मागची चाकं आहेत, त्यांचे ब्रेक वेगळे. पण पुढचं गेलं म्हणजे बरंच गेलं, आणि बारा माणसं, गोण्या, उतार. शिवाय तेल तापलं की धूर होतो, मग मागचेही सगळा भार घेऊन तापतात. तिथून पुढचा हिशेब मी मांडला नाही.

चढाच्या मध्ये झऱ्याचा नळ आहे, तिथे चालक थांबून पाणी भरतात. माझी सगळी आशा त्या नळावर होती. नळ वाहत होता. खाली ओल्या टायरचे ठसे होते, गाडी नव्हती.

तिथून तीन वळणांवर मला कॅरियरची निळी ताडपत्री दिसली. मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. वरून दोन वेळा हॉर्नचं उत्तर आलं. झालं. आमच्याकडे हॉर्न म्हणजे नमस्कार. ओळखीचा दिसला की वाजवायचा, अनोळखी दिसला तरी वाजवायचा. मी पुन्हा वाजवला, त्याने पुन्हा वाजवला, माझ्याहून लांब. क्षणभर चाक गुडघ्याने धरून मी उजवा हात बाहेर काढला आणि थांब थांब केलं. मागच्या बाकावरून सगळ्यांनी मला हात केले. तोरिकाने तर दोन्ही हातांनी, अगदी उभं राहून. सकाळी सकाळी भौजी फिरायला निघाली म्हणून त्यांना केवढा आनंद.

अशा वेळी रडूही येतं आणि शिव्याही येतात. मी शिव्या निवडल्या.

ओलांडायला जागा नव्हती. रस्ता अरुंद, वळणापलीकडचं दिसत नाही, आणि समोरून लाकडाचे ओंडके घेऊन ट्रक येतात. एका वळणावर मी बाहेर काढलीच होती, तेवढ्यात धुक्यात दिवे दिसले. परत आत घेतली. ओंडक्यांचा ट्रक शेजारून गेला तेव्हा माझा आरसा त्याने दुमडून नेला. त्यानेही हॉर्न वाजवला, प्रेमाने.

मग झाडं मागे सरली आणि आभाळ एकदम मोठं झालं. माथा. दोनशे पावलं. मी गिअर सोडला, तिसऱ्यात टाकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि कॅरियरच्या शेजारून पुढे निघाले. इसिकेलीने खिडकीतून पाहिलं. मी काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही. पुढे गेले आणि सपाटी संपायच्या आधी पिकअप रस्त्याच्या मधोमध उभी केली. हँडब्रेक ओढला, गिअर अडकवला, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि मधल्या आरशात पाहिलं.

आरशात इसिकेलीचा चेहरा दिसत होता. आधी हसू. मग त्याने ब्रेक दाबला असणार, कारण हसू जागेवरच राहिलं पण डोळे बदलले. गाडी मंदावली, थांबली नाही. त्याचे खांदे पुढे आले. त्याने पुन्हा दाबला असेल, मग पुन्हा. गाडी येतच होती. माणूस चालत येतो तितक्या सावकाश, आणि अजिबात आवाज न करता. मला अजूनही ते आठवलं की त्यातली शांतताच आठवते. शेवटी त्याचा हात खाली गेला, हँडब्रेककडे, आणि मग धडक बसली. माझा मागचा दिवा फुटला. पिकअप वीतभर पुढे सरकली. माझ्या समोरच्या काचेतून उतार दिसत होता, पहिलं वळण, आणि त्याच्या खाली धुकं.

दोन्ही गाड्या थांबल्या. मागे एक कोंबडी ओरडली.

तोरिका ताडपत्रीखालून डोकं काढून म्हणाली, "भौजी, डोंगर विकत घेतलास का गं?" कुणी हसलं नाही.

इसिकेली खाली उतरला. सहा फुटांचा माणूस, चर्चच्या गाण्यात सगळ्यात खालचा सूर त्याचा. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि आपल्या पायांकडे बघत राहिला. पुढच्या चाकातून वडी भाजल्यासारखा खोबऱ्याचा वास येत होता.

"तेल लावलंस," मी म्हटलं.

"थोडंसं."

"दोन बाटल्या म्हणजे थोडंसं नाही."

"कोंबडीच्या पिसाने लावलं, भौजी. चाक काढून. दोन्ही बाजूंनी, नीट लावलं."

मी विचारलं, "सकाळपासून ब्रेक कमी लागतोय हे कळलं नाही तुला?"

"कळलं ना. पण तुम्हीच म्हणालात, दोन दिवस मऊ लागतील, पाय आपटू नकोस."

हे खरं होतं. मीच म्हणाले होते.

"सहाला बोलावलं होतं मी. का नाही आलास?"

गाडीतून एकेक जण उतरून जवळ आला होता, म्हाताराही मुलीचा हात धरून. इसिकेलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सगळे ऐकत होते शनिवारी. गाडी पुन्हा तुमच्या दारात उभी राहिली असती तर सगळ्यांनी पाहिली असती. म्हणाले असते, भौजीचं काम परत आलं. मग कुणी ब्रेक आणले असते तुमच्याकडे?"

मी पिकअपच्या मागच्या फळीवर बसले, फुटक्या दिव्याशेजारी. दोन वर्षांत माझ्यासाठी कुणी इतकं केलं नव्हतं, आणि त्यापायी बारा जण दरीत गेले असते.

गप्प राहता आलं असतं. तेल त्याने लावलं होतं, दोष त्याच्यावरच राहिला असता, आणि तो मुकाट्याने तो घेऊन गेला असता. मी खिशातून फडकं काढलं आणि उलगडून सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"हे चार पत्रे बघा. ब्रेकच्या मागे घालायचे असतात. शुक्रवारी मी घालायला विसरले. म्हणून ब्रेक ओरडत होते. ब्रेक चांगले होते, ओरडणं माझ्यामुळे होतं. याने तेल घातलं ते माझी लाज झाकायला."

सगळे वाकून पत्रे बघू लागले. मग तोरिका पुढे आली. तिने एक पत्रा उचलून बोटांत वाकवून पाहिला.

"म्हणजे ओरडत होते तेव्हा लागत होते?"

"हो."

"आणि आज गप्प होते तेव्हा नाही?"

"आज या सपाटीवरसुद्धा थांबली नाही गाडी. तुझ्यासमोरच झालं."

तोरिकाने उताराकडे पाहिलं. धुकं आता जरा विरलं होतं, तिसऱ्या वळणापर्यंतचा रस्ता दिसत होता. पत्रा तिने परत माझ्या हातात ठेवला, फार जपून, अंडं ठेवावं तसा. आणि शनिवारी बाजारात आपण काय बोललो ते तिला तेव्हा आठवलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. ती बोलली मात्र काही नाही. तोरिकाला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्या दिवशी गप्प होणाऱ्या गोष्टींचं मला भय बसलं होतं.

इसिकेली गाडीमागे गेला आणि तोरिकाच्या गोणीतून यांगोनाच्या मुळांची एक जुडी घेऊन आला. मोठी चूक झाली की आमच्याकडे ही मुळं पुढे ठेवून माफी मागतात. तो भर रस्त्यात गुडघ्यांवर बसला, जुडी दोन्ही हातांनी पुढे केली आणि खाली बघून, हळू आवाजात, इथल्या मूळ लोकांच्या रीतीचे शब्द म्हणू लागला.

"माझी जुडी, आणि माफी याची," तोरिका पुटपुटली.

मी जुडीला हात लावून ती घेतली. रीत तशी आहे, घेतली की झालं. पण माझीही चूक होती आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. म्हणून मी जुडी मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्यासमोर धरली. असं कुणी करत नाही. इसिकेली गोंधळला, म्हाताऱ्याकडे बघायला लागला. म्हातारा जरा विचार करून म्हणाला, घे रे, बाई डोंगर चढून आलीय. मग त्याने ती घेतली, आणि रीत पुरी झाली म्हणून सगळ्यांनी पोकळ हातांनी तीन टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर काम. चाकांना दगड लावले, जॅक लावला, दोन्ही चाकं उतरवली. नवे पॅड तेल पिऊन काळे झाले होते, ते मी बाजूला टाकले. असे पॅड धुऊन शुद्ध होत नाहीत. चकत्या साबणाने आणि थर्मासच्या गरम पाण्याने तीन वेळा धुतल्या, मास्तरणीने आपल्या पिशवीतला कोरा टॉवेल दिला. चारही पत्रे लावून जुने पॅड घातले. त्यांच्यात फारसं काही उरलं नव्हतं, पण घरापर्यंतचं होतं. मागच्या बोल्टला पाना लावला तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "आवळला." सगळ्यांना वाटलं त्यांना सांगतेय. सपाटीवर पाच-सहा वेळा गाडी पळवून थांबवली. थांबली, हव्या त्या दगडापाशी.

लंबासाची बस आली तीत बाकीचे गेले. म्हाताऱ्याला पुढची जागा मिळाली. तोरिका गेली नाही. म्हणाली, एवढ्या गोण्या बसमध्ये कुठे घालू. मग माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला दुसरा गिअर दाबून धरायला सांगितलं. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

मी पुढे आणि इसिकेली रिकामी गाडी घेऊन मागे, अगदी जवळ, असे आम्ही आमच्या बाजूने उतरायला लागलो. खिडक्या उघड्या ठेवल्या. संपत आलेल्या पॅडला एक जीभ असते, ती चकतीला लागून ओरडते, पॅड बदला म्हणून सांगायला. पहिल्या वळणावर मागून किंकाळी आली, शनिवारच्यापेक्षा वाईट. दुसऱ्या वळणावर आली. तिसऱ्यावर आली. प्रत्येक वळणाला माझा जीव कानात येत होता. चौथ्यावर काही ऐकू आलं नाही. माझा पाय ब्रेकवर गेला, तोरिकाने गिअर घट्ट धरला, आणि मी आरशात पाहायला मान वर केली तेवढ्यात मागून लांबलचक, पत्रा फाडणारा आवाज आला.

"बोलला," तोरिका म्हणाली आणि श्वास सोडला.

नाक्यावर बूबूने चहा घ्यायला हाक मारली. आम्ही थांबलो नाही, हात केला. घराजवळच्या उंचवट्यावर मी वेग कमी केला, मागून इसिकेलीने केला, आणि त्याची गाडी बाजारापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. दारातल्या खुर्चीवर बिसेसर होता तसाच बसला होता. मूठ अजून आवळलेली. आवाज संपेपर्यंत त्याने डोळे मिटून ऐकलं. मग मूठ उघडली आणि दोन बोटं वर केली. पुढची दोन्ही चाकं.

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि जॅक काढायला आत गेले.